लेनोरच्या तोंडचं वाक्य

—टाळ्यांचा नव्हे गं. टाळ्या पुष्कळ ऐकल्या. मी म्हणतोय तो टाचेचा आवाज. टक्-टक्. दोनदा. अजून येतो कानात, बुटाची नाडी बांधताना, असाच कधीही. तुझी आई वाक्य विसरली की उजवी टाच दोनदा वाजवायची आणि पडद्याआडून मी पुढचे शब्द द्यायचो. इथं होबार्टच्या त्या थिएटरात सतरा वर्षं पडदे ओढले मी. नाटकाचं पुस्तक हातात? छे, मला वाचता कुठं येतंय! तालमी ऐकून ऐकून पाठ व्हायचं. आमचा मॅनेजर, बर्ट हॅनिगन, तो म्हणायचा, "लेनोर, पुस्तक धरायला पगारी माणूस ठेवलाय मी, आणि तू या ठोंब्याला विचारतेस?" तर ती म्हणायची, "तुझा पगारी माणूस घोरतो, बर्ट. आल्फ श्वाससुद्धा माझ्याबरोबर घेतो." अशी सगळ्यांदेखत म्हणायची. मी आपला दोर गुंडाळत बसायचो.

बस ना. ती खुर्ची डगमगते, पण पडणार नाही. थांब, किटली ठेवतो — नको म्हणालीस, हो ना. बरं.

जॅमच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवणारी पोर ती. पुढं सिडनी, मग लंडन, सत्तावीस सिनेमे. मी सगळे पाहिले. काही दोनदा — खरं सांगायचं तर पुष्कळ दोनदा.

काय आहे हे? पाथरवटाचा कागद? तूच वाच. — हं. पुन्हा वाच. "दिवा राहू द्या. मी येते." हे तिच्या थडग्याच्या दगडावर? सोमवारी कोरणार?

नको कोरूस.

वाईट नाही गं, वाक्य चांगलंच आहे, ती गेली तेव्हा सगळ्या पेपरांनी छापलं म्हणतात. पण नुसतं नाव घाल. नाव काय लहान आहे तिचं? का म्हणजे — उगाच. म्हातारा माणूस मी, काहीही बोलतो. ही खिडकी बघ, डोंगरावरून वारा सुटला की नुसती खडखड, खडखड —

काय म्हणालीस? तू दिवा लावायचीस? ओसरीवर? किती दिवस? — वर्षं? आणि आजी रागवायची, तरी?

मला माहीत नव्हतं पोरी. खरंच नव्हतं. मग आता ऐकच तू. बसून ऐक.

तो तिचा इथला शेवटचा खेळ. शनिवारची दुपार, संध्याकाळी तिचं जहाज. तू पहिल्या रांगेत आजीशेजारी, पिवळा स्वेटर, पाय जमिनीला टेकत नव्हते. नाटकात ती दीपगृहवाल्याची बायको, घर सोडून होडीत बसायला निघते. वाक्य होतं, "दिवा मालवा. माझी वाट बघू नका." साठ वेळा म्हटलेलं वाक्य. त्या दिवशी पायरीशी आली, तुझ्याकडे बघितलं आणि थांबली. टक्-टक्. विसरली नव्हती ती. साठ वेळा म्हटलेलं कोण विसरतं? तिला म्हणवेना. आणि मला देववेना. समोर तू होतीस ना! माझ्या तोंडून गेलं — दिवा राहू द्या, मी येते. ती तेच बोलली. कानावर पडेल ते बोलायचं, नटांना तीच सवय असते.

पडदा पाडला तर माझी कॉलर धरली तिनं. "आल्फ, काय वदवलंस माझ्याकडून? मी परत येणार नाहीये. पोरीला आता काय सांगू?" मी म्हटलं, नाटकातलं आहे, लेनोर, मुलं विसरतात.

असं म्हटलं मी. मुलं विसरतात.

बाहेर लोक बाकांवर उभे राहून ओरडत होते. मग तिनं तोच शेवट धरला, सगळीकडे, त्या नाटकाच्या सिनेमातसुद्धा. काय भाव, काय डोळे! पण शब्द तिचे नव्हते. तुला वचन दिलं ते मी — आणि यायचं मात्र तिनं होतं. मी तर चार गल्ल्या पलीकडंच होतो. ती येणार नाही, एवढं येऊन सांगायला काय लागत होतं? आलोही होतो गं, दोनदा, आजीच्या फाटकापर्यंत. दोन्ही वेळा दिवा दिसला ओसरीवर. वाटलं, लावतात लोक दिवा, त्यात काय —

हो. म्हणालो मघाशी, माहीत नव्हतं. म्हणालो खरं.

वाईट बाई नव्हती ती. तिला नको लावूस बोल, मला लाव. शिवी दे, काहीही बोल, अशी बघू नकोस नुसती. — उठलीस? थांब, मी सोडतो फाटकापर्यंत, गुडघा जरा — अगं, तिकडून नको, वाफ्यात चिखल आहे, या बाजूनं ये, या —