गुपचूप बाप्तिस्मा

कौनस शहरातल्या जुन्या चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला रांग लागली होती. रीमाच्या पुढचं म्हातारं जोडपं कुजबुजत होतं.

“अहो, आत जाण्याआधी तुम्हालाच सांगते. रशियनांच्या राज्यात मी आपल्या पोराचा गुपचूप बाप्तिस्मा करून घेतला होता.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे मेंबर! वर कळवलं असतंत, तर माझी शाळेतली नोकरी गेली असती.”

“मी बायकोची चुगली केली असती?”

“मग हसताय कशाला?”

“मीही नेलं होतं त्याला. लांबच्या खेड्यात, फादरच्या स्वयंपाकघरात.”

“अगं बाई! दोनदा? आणि मला का नाही सांगितलंत?”

म्हातारा टोपी कुरवाळत राहिला.

“युजेनिया, तुझा नंबर आला.”

“आधी तुम्ही जा.”