डावं चाक

लस दिल्यावर बाळाला काही त्रास होतो का, ते बघायला आम्हाला दवाखान्यात थांबवलं होतं. माझा हात सारखा त्याच्या कपाळावर. शेजारी एक मावशी आणि तिची कॉलेजातली भाची; भाचीच्या मांडीवर चाकांचा छोटासा रोबो.

“प्रोग्रॅमिंगमध्ये नापास? अगं, घरभर सरळ धावत होता की हा!”

“हा धावतोच, मावशी. ह्याचं डावं चाक मंद फिरतं, म्हणून मी प्रोग्रॅममध्ये त्याला जास्त वेग दिला. परीक्षेत सरांनी तोच प्रोग्रॅम स्वतःच्या रोबोत घातला. त्याची दोन्ही चाकं धड. गेला उजवीकडे वळत, आदळला भिंतीवर.”

“मग प्रत्येकाला वेगळा रोबो दिला कशाला? मिरवायला?”

“म्हणाले, ‘प्रोग्रॅम कुठल्याही रोबोवर चालला पाहिजे.’”

“हे लंगडं बदलून मागायचंस!”

“मागितलं होतं. तेव्हा म्हणाले, ‘आपल्या रोबोला समजून घ्यायला शीक.’”

“घेतलंस की समजून!”

“जाऊ दे. विषयच सोडते मी.”

“खुशाल सोड. पण आधी त्यांचा प्रोग्रॅम ह्याच्यावर चालवायला लाव त्यांना.”

“डावीकडे जाऊन आदळेल ना तो!”

“आदळू दे. मग बघू, नापास कोण ते.”