दहापैकी आठ भाग ढग

हौशी आकाशनिरीक्षकांसाठी रोज ढगांचा अंदाज लिहिणारा तो, ठणकती दाढ धरून दाताच्या दवाखान्यात बसला होता. शेजारच्या बाकावर बहीण-भाऊ बोलत होते, आणि भाऊ चांगलाच तापला होता.

“दहापैकी आठ भाग ढग, असं लिहिलं होतं त्याने, ताई! मी दुर्बीण बाहेर काढलीच नाही.”

“मग?”

“मग काय! तुझी भावजय संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली आणि तिला धूमकेतू दिसला. नुसत्या डोळ्यांनी!”

“तुला हाक नाही मारली?”

“म्हणाली, ‘तुम्हीच म्हणालात ना, आज काही दिसणार नाही?’”

“चुकला असेल रे बिचारा.”

“चुकला कसला! जरा शंका आली की देतो ढग ठोकून. आभाळ मोकळं निघालं तरी भांडायला कोण जाणार? सगळे घरात! हा धूमकेतू दिसण्याची ती शेवटची संध्याकाळ होती, आता नऊशे वर्षांनी येणार. तेव्हा जाऊ भांडायला?”

नर्सने अंदाज लिहिणाऱ्याचा नंबर पुकारला. तो उठला नाही.

“तुम्ही जा आधी,” तो भावाला म्हणाला.

“अहो, तुमचा गाल केवढा सुजलाय!”

“जा तुम्ही.”

“बघ ताई, अशीही माणसं असतात. नाहीतर तो ढगवाला!”