राणीच्या अंगावरचा शालू

अरे, परवा आमच्याकडे गंमतच झाली. मी मोबाईलवर एका ऐतिहासिक सिनेमाचा ट्रेलर लावला होता. राणीने तलवार उपसली आणि बाबा ओरडले, "थांबव! हा शालू कसला रेशमाचा? पॉलिस्टर आहे, आमच्या कडोदऱ्याच्या लूमवरचा!" बाबांची तीस वर्षं कडोदरा गावात त्याच लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कापड विणण्यात गेलीत. "राणीला असलं नेसवतात? लाज नाही वाटत यांना?"

आई उठली आणि कपाटातून स्वतःचा शालू घेऊन आली. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बाबांनीच 'अस्सल रेशमी' म्हणून दिलेला. तोच रंग, त्याच कोयऱ्या.

"आणि हा?"

बाबांनी शालूचा पदर बोटांत चोळून पाहिला. मग म्हणाले, "अगं, त्याचाच तर राग आलाय! तुझा शालू त्या बाईला कशाला नेसवला?"