डाव्या खांद्याची बंदूक

उज्ज्वल : हात मागे घे. डोळ्यांनी बघायचं, क्रांती. या घरात बंदुकीचा परवाना एकाच माणसाच्या नावावर आहे.

क्रांती : बाबा, मी चौतीस वर्षांची आहे.

उज्ज्वल : पासष्टची हो, तरी हाच नियम. रिकामी आहे, दोनदा तपासली, तरी हात नाही. तू टॉर्च धर. माझ्या तोंडावर नको गं, दस्त्यावर धर.

क्रांती : आता काय नवीन काढलंत? गेल्या रविवारी मागचं रबर बदलत होता.

उज्ज्वल : ते खांद्यासाठी. आता गालासाठी गादी. दस्त्यावर गाल टेकतो ना, तिथे खाली नमदा, वर चामडं. थोडं उंच झालं की डोळा बरोबर नळीच्या रेषेत येतो.

क्रांती : जुन्या दुनाळीला तुम्ही कधी स्क्रूसुद्धा लावला नव्हता.

उज्ज्वल : दुनाळी खांदा सोलून काढायची. ही सेमी-ऑटोमॅटिक अर्धा धक्का स्वतःच गिळते आणि त्यावर पुढचं काडतूस भरते. असं गुणी यंत्र मिळालं तर माणसाने थोडे लाड करू नयेत? नळीला, बोल्टला मी हात लावत नाही. ते बंदूकवाल्या केसलरचं काम. माझा अधिकार लाकडावर आणि रबरावर.

मुक्ता : आणि चामड्यावर! कुठलं आहे हो ते?

उज्ज्वल : तू वर पोहे करत होतीस ना?

मुक्ता : तळघरातलं जिन्यावर सगळं ऐकू येतं. चामडं कुठलं, ते सांगा.

उज्ज्वल : जुनं. पडून होतं.

मुक्ता : अहो, ही माझी पर्स आहे! नागपूरहून जर्मनीला निघताना आईने घेऊन दिलेली!

उज्ज्वल : चेन गेली होती तिची.

मुक्ता : तुमचे दोन दात गेलेत, मी कापायला घेतलं का तुम्हाला?

उज्ज्वल : तुझी आठवण गालाशी राहील म्हणून...

मुक्ता : ऐक गं क्रांती, तुझ्या बापाचं. अडतीस वर्षांत मला एक फूल आणलं नाही, आणि आता गालाशी म्हणे! बरं, एवढं सजवून पक्षी तरी आणावा. तीन काडतुसं, धाड, धाड, धाड, आणि घरी येते काय, तर सुपरमार्केटातली कोंबडी.

उज्ज्वल : पहिलं शील रोज सकाळी म्हणतो मी, जीवहिंसा करणार नाही. मला नसेल, बंदुकीला ते पाठ झालंय.

मुक्ता : मग काठी घेऊन फिरा की.

उज्ज्वल : काठी घेतली की लोक म्हातारा म्हणतात. बंदूक घेतली की शिकारी म्हणतात.

क्रांती : आणि पक्षी काय म्हणतात?

उज्ज्वल : ते मला नावाने ओळखतात.

मुक्ता : चला, पोहे होतायत. दहा मिनिटांत वर या. त्यांना साबणाने हात धुवायला लाव गं, परवा वरणाला बंदुकीच्या तेलाचा वास येत होता.

क्रांती : ... बाबा, गादी उलट्या बाजूला चिकटवताय तुम्ही.

उज्ज्वल : उलट्या कुठे?

क्रांती : बंदूक तुमच्या उजव्या खांद्याला. म्हणजे गाल टेकणार दस्त्याच्या डाव्या अंगाला. तुम्ही गादी उजव्या अंगाला लावताय.

उज्ज्वल : आल्झो... म्हणजे, सुधारित डिझाइन आहे.

क्रांती : सेफ्टीचं बटणही फिरवलंय. आणि दस्त्याच्या मुळाशी ती पाचर असते ना, तीसुद्धा उलटी घातली आहे. सगळा दस्ताच दुसरीकडे कललाय.

उज्ज्वल : तुला इंजिनिअर केली तिथेच चुकलं माझं. गेर्लिंगेनमध्ये फुकट पगार देत नाहीत तुला.

क्रांती : ही डावखुऱ्याची बंदूक झाली, बाबा.

उज्ज्वल : हं.

क्रांती : उजव्या डोळ्याला काय झालंय?

उज्ज्वल : हळू. जिन्यावर ऐकू येतं.

क्रांती : बाबा.

उज्ज्वल : मधोमध धुकं आहे. कडेचं सगळं दिसतं. आता तुझ्याकडे बघतो ना, तर कान दिसतात. तोंड नाही. दुसरा डोळा ठणठणीत आहे, डॉक्टरांनी लिहून दिलंय. म्हणून डावा खांदा शिकतोय. शूटिंग रेंजवर मातीच्या तबकड्या फोडतो, दहातल्या चार.

क्रांती : या वयात हात बदलणार?

उज्ज्वल : न जमायला काय झालं? नेकारसुल्मच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं केलं काय मी? तीच गाडी, तेच इंजिन, इंग्लंडला पाठवायची असेल तर स्टिअरिंग पलीकडे. मला आता इंग्लंडला पाठवायचंय, एवढंच. एकच अडचण आहे. ही रिकामं काडतूस उजवीकडे फेकते. पूर्वी बाहेरच्या बाहेर जायचं, आता नाकासमोरून जातं. पहिल्या दिवशी मी त्यालाच पक्षी समजून वळलो.

क्रांती : हसू नका. आईला सांगितलंय?

उज्ज्वल : वेडी आहेस का? तुला कळलंय, हे तर तिला अजिबात कळता कामा नये. दुसऱ्या दिवशी बंदूक केसलरच्या दुकानात जाईल. मग शनिवारी मी काय करू? पडदे धुऊ? आठवडाभर मी त्या एका सकाळसाठी शहाण्यासारखा वागतो, क्रांती. ती गेली तर मी घरात बसून खरंच म्हातारा होईन.

क्रांती : बरं.

उज्ज्वल : वचन?

क्रांती : वचन. पण डोळ्याचं मला दर महिन्याला कळवायचं.

उज्ज्वल : गेनाऊ, अगदी तसंच. टॉर्च बंद कर आता. पोह्यांचा वास सुटलाय.

(सहा आठवड्यांनंतर. तेच तळघर. बंदुकीच्या कपाटाचं दार उघडं, कपाट रिकामं.)

मुक्ता : गेले का केसलर?

क्रांती : गाडीतून कागद आणायला गेलेत. बंदूक त्यांच्यापाशीच आहे, पेटीत. आपण हात लावायचा नाही.

मुक्ता : हेही तसंच म्हणायचे. त्या रविवारी तीनदा पोहे घेतले. चौथ्यांदा मीच नको म्हटलं. आणि सोमवारी पहाटे हाक मारते, तर... डॉक्टर म्हणाले, हृदय झोपेतच थांबलं. मी विचारलं त्यांना, पोह्यांनी तर नाही ना?

क्रांती : आई, हे तू मला सांगितलं नव्हतंस.

मुक्ता : काय सांगायचं? ते डॉक्टर म्हणाले, पोहे म्हणजे काय?

क्रांती : मग?

मुक्ता : मग काय, समजावून सांगितलं. मोहरीपासून. ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी. बरं, केसलर काय म्हणतात?

क्रांती : वारस म्हणून माझ्या नावावर ठेवता येईल, पण नळीत कुलूप बसवून. नाहीतर विकायची. विकायची तर ते आधी तिला परत पहिल्यासारखी करतील. पाचर फिरवायची, बटण फिरवायचं, गादी काढायची. दहा मिनिटांचं काम, म्हणाले.

मुक्ता : पहिल्यासारखी म्हणजे उजव्या हाताची.

क्रांती : हो, उजव्या... थांब. तुला काय माहीत? आई, मी बाबांना वचन दिलं होतं, की...

मुक्ता : डोळ्याचं ना?

क्रांती : तुला माहीत होतं!

मुक्ता : दीड वर्ष. चहा ओतला की निम्मा बशीत. मी काय आंधळी आहे? मीच नेलं होतं डॉक्टरांकडे. क्रांतीला कळू द्यायचं नाही, ही माझीच अट होती. नाहीतर तू रोज गेर्लिंगेनहून धावत आली असतीस.

क्रांती : मला म्हणाले, आईला कळलं तर बंदूक जाईल, मला पडदे धुवायला लागतील.

मुक्ता : पडदे! अगं, तुला कळलंय हे मला कळलं असतं तर मी त्यांनाच धुतलं असतं. म्हणून ती थाप. आणि शनिवारी पडदे धुवायला मी घरी होते कुठे?

क्रांती : योगाच्या क्लासला.

मुक्ता : कसला योगा! गुडघाभर रबरी बूट, डोक्यावर नारिंगी टोपी, आणि मी यांच्या उजव्या हाताला, चिखलात. गाडीसुद्धा मीच चालवायचे. माझं काम एकच. उजवीकडून फाझान उठला की सांगायचं.

क्रांती : तू? फाझान ओळखू येतो तुला?

मुक्ता : न यायला काय झालं? लांब शेपटीचा रानकोंबडा. मी ओरडायचे, अहो, उजवीकडे, उजवीकडे! तो घाबरून जायचा डावीकडे. केसलरची कुत्री बसायची माझ्याकडे बघत. आणि हे बंदूक खाली करून हसत उभे. अख्ख्या मोसमात एक पीस मिळालं नाही आम्हाला.

क्रांती : आणि घरी येऊन तूच टोमणे मारायचीस, पक्षी कुठाय म्हणून!

मुक्ता : अचानक बंद केले असते तर तुला संशय नसता आला?

क्रांती : त्या दिवशी पर्सवरून एवढी भांडलीस...

मुक्ता : ते भांडण खरं होतं. पर्स माझीच होती. हसतेस काय? बरं हसलीस. किती दिवसांनी दात दिसले.

क्रांती : मग काय सांगू केसलरना? दहा मिनिटांत परत उजवी?

मुक्ता : तू सांग. वारस तू आहेस.

क्रांती : मला चालवता येत नाही. परवाना नाही, डावखुरी नाही. कोणाच्याच उपयोगाची नाही ती आता.

मुक्ता : नाही ना?

क्रांती : कुलूप बसवू दे. पण पाचरीला हात लावायचा नाही. बटणाला नाही, तुझ्या पर्सला नाही. बाबा डावीकडे वळायला शिकले तसंच राहू दे.

मुक्ता : राहू दे. पण मला एक सांग. लहान होतीस तेव्हा तू जायचीस ना त्यांच्याबरोबर? मला म्हणायचे, पोरीची नजर चांगली, पण पक्षी कुठे उतरला विचारलं की भलतीकडेच बोट दाखवते.

क्रांती : दाखवायचे.

मुक्ता : का गं? झोपेत असायचीस?

क्रांती : नाही. ते कधी बोलले नाही मी त्यांच्याशी.

मुक्ता : मग आता बोल. केसलर येईपर्यंत. मी वर जाते.

क्रांती : नको. थांब इथेच... बाबा, पक्षी कुठे उतरला, ते मला कधीच माहीत नसायचं. तो उडाला की तुम्ही बंदूक खाली करायचात आणि तोंड उघडं ठेवून बघत राहायचात, पार दिसेनासा होईपर्यंत. मी तुमच्याकडे बघत असायचे.