जीप तापेनाशी झाली

मालवणच्या गॅरेजबाहेर दिव्या आपल्या स्कूटरची वाट बघत बसली होती. बाकड्यावर शेजारी एक वयस्कर जोडपं. नवऱ्याच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला जीपचा जुना पंखा.

"आपल्या पोरान, शेल्डनान, एवढ्या हौशेन इलेक्ट्रिक पंखो बसवल्यान. आणि तुमी तो काढूक इलास?"

"जुनो बरो होतो. इंजिनाबरोबर फिराचो."

"आणि गाडी चढणीर उकळाची."

"सगळ्या चढणींर नाय. नांदगावच्याच."

"होय तर. आपल्या जॉयसीच्या दारात."

"थंयच चढण आसा, त्येका मी काय करू?"

"मगे ती कळशी घेवन धावत येवची. पोटच्या चेडवाक पाणी ओतूक लावायचास, पण घरात पाय ठेवलास नाय."

"तिच्या लग्नादिवशीच बोललंय मी, तुझ्या घरात येवचंय नाय म्हणान."

"इतक्या वर्सांत गाडयेत पाण्याचो कॅन कधी ठेवलास?"

"इसारतंय."

"दर खेपेक?"

त्याने मांडीवरचा पंखा उगाच सारखा केला.

"परवा गाडी सरळ वर गेली. ती कळशी घेवन दारात उभी होती."

"बघलंय. आरशात."

आतून मेकॅनिक पाना घेऊन बाहेर आला.

"प्लासिदकाका, मगे नवो पंखो काढू?"

"काढ."

"काढू नको रे. रवांदे तो."

"अगो, पण मगे थंय काय सांगान थांबू?"

"तान लागली म्हणान सांगा."