पडदेवाले काका सहा वर्षांचे होतात

पडदेवाले : बाई, मी पडदे लावायला आलोय. सहा वर्षांचा व्हायला नाही.

परीक्षक : थोडा वेळच व्हायचंय हो. खेळातून मुलांवर उपचार करणाऱ्यांची ही संघटना. परीक्षेला खरं मूल वापरायचं नाही, असा आमचा नियमच आहे. एरवी आमचे खजिनदार मूल होतात. आज त्यांची कंबर धरलीय.

पडदेवाले : मूल होऊन होऊनच धरली असेल.

उमेदवार : काका, प्लीज. माझा हा तिसरा प्रयत्न आहे. आज नापास झाले तर पुन्हा वर्षभर थांबायचं. संघटनेचं प्रमाणपत्र नसेल तर माझ्याकडे एकही मूल पाठवणार नाहीत.

पडदेवाले : आधी दोनदा कशात गेलीस?

परीक्षक : प्रश्न विचारण्यात. खेळखोलीत मुलाला प्रश्न विचारायचे नसतात. ते खेळतं, आपण फक्त जे दिसतं तेवढं बोलायचं. हिला राहवतच नाही. तीन प्रश्न झाले की नापास.

उमेदवार : पण विचारल्याशिवाय कळणार कसं?

परीक्षक : हे बघा! अजून सुरूही केलं नाही.

पडदेवाले : आणि मी काय करायचं?

परीक्षक : हट्टीपणा. जमेल?

पडदेवाले : माझ्या सासुरवाडीत कोणालाही विचारा.

परीक्षक : मग बसा त्या छोट्या खुर्चीवर. दाबून बसू नका, मोडेल. हं, सुरू. आणि तू गं, आता त्यांना अरे-तुरे करायचं.

उमेदवार : काका, तुम्ही... तू मगर उचललीस.

पडदेवाले : मगर? ही माझी मेहुणी आहे.

परीक्षक : खेळण्याला नाव मूल देतं, आपण नाही. अर्धा गुण गेला.

उमेदवार : तू मेहुणी उचललीस. पण सहा वर्षांच्या मुलाला मेहुणी कशी?

परीक्षक : एक.

पडदेवाले : लग्न लवकर झालं.

उमेदवार : मेहुणी ससा खातेय. आता ट्रक खातेय. आता... काकांची मोजायची टेप खातेय.

पडदेवाले : तिचं असंच असतं. चहाला म्हणून येते आणि जेवून जाते. आता ती बाईंना चावणार!

परीक्षक : अहो! माझा गुडघा!

उमेदवार : तुला बाईंना चावावंसं वाटतंय. बाई चावण्यासाठी नाहीत. चावायला ही उशी आहे.

परीक्षक : शाब्बास! अगदी नियमाप्रमाणे थांबवलंस. अहो, पण सोडा आता.

पडदेवाले : मी कुठे धरलंय? मेहुणी सोडत नाहीये. बरं, घेतली मागे. ते बाहुल्यांचं घर सरकव इकडे. हे काय! एवढं दुमजली घर बांधलं आणि एका खिडकीला पडदा नाही!

उमेदवार : सगळ्या खिडक्या उघड्या आहेत.

पडदेवाले : रस्त्यावरून सगळं दिसेल. लोक काय म्हणतील?

उमेदवार : लोक काय म्हणतील याची तुला काळजी वाटते.

पडदेवाले : मला नाही. हिला वाटते.

उमेदवार : हिला म्हणजे?

परीक्षक : दोन.

उमेदवार : अरे देवा.

पडदेवाले : बाई, हा धरू नका. मीच अर्धवट बोललो.

परीक्षक : मुलाने परीक्षकाशी वाद घालायचा नाही.

पडदेवाले : हट्टी हो म्हणालात ना! बरं, राहिलं. हिला म्हणजे या निळ्या बाहुलीला. ही स्वयंपाकघरात. आणि हा टकल्या बाहेरच्या खोलीत, शिडीवर. गावभर लोकांचे पडदे लावत फिरतो आणि स्वतःच्या घरातला दांडा कित्येक वर्षं तिरका. आज ऐकून ऐकून कंटाळला आणि चढला एकदाचा.

उमेदवार : ती स्वयंपाकघरात आहे. टकल्या शिडीवर आहे. दांडा तिरका आहे.

पडदेवाले : आता तू ही हो. घे हातात. बोल.

उमेदवार : मी ती झाले. आणि मी... बाई, आता मी काय...

परीक्षक : जपून! मुलाने आपल्याला खेळात घेतलं, तर काय बोलायचं ते त्याच्याच कानात विचारायचं. शिकवलं होतं ना? तो प्रश्न आपण मोजत नाही.

उमेदवार : (कुजबुजत) मी काय म्हणू?

पडदेवाले : म्हण... थांब, जरा नीट बसू दे. म्हण, अहो, दूध ठेवलंय, तेवढं बघा. मी जरा पडते.

उमेदवार : अहो, दूध ठेवलंय, तेवढं बघा. मी जरा पडते.

पडदेवाले : असं गुळमुळीत नाही. आधी वैतागायचं. टिकोजीराव म्हणायचं.

उमेदवार : अहो टिकोजीराव! दूध ठेवलंय, तेवढं बघा! मी जरा पडते.

पडदेवाले : हां. अगदी तश्शी.

उमेदवार : ती आत गेली. पलंगावर पडली.

पडदेवाले : टकल्या वरूनच 'हो हो' म्हणाला. आणि दूध गेलं उतू. मग ओरडा खायच्या तयारीनेच तो आत गेला.

उमेदवार : तो तिच्यापाशी उभा आहे. ओरडा खायला तयार आहे.

पडदेवाले : उभाच आहे.

उमेदवार : ती काही बोलत नाही.

पडदेवाले : नाही.

उमेदवार : टकल्या वाट बघतोय.

पडदेवाले : अजून बघतोय, बाळ.

परीक्षक : वेळ... वेळ संपली.

उमेदवार : बाई, माझा तिसरा प्रश्न...

परीक्षक : नाही विचारलास. अगदी ओठांवर आला होता, मी बघत होते. गिळलास. पास.

पडदेवाले : पास ना? मग आता मला कोणीतरी ओढा. मी उठतोय तर ही खुर्चीपण माझ्याबरोबर उठतेय.

परीक्षक : हात द्या इकडे. तू खुर्ची धर गं. हं! सुटले. काका, पडदे उद्या लावा, काही घाई नाही. बसा जरा. मोठ्या खुर्चीवर.

पडदेवाले : छे, पडदे आजच लावतो. ती टेप द्या. मेहुणीच्या तोंडात असेल बघा. आधी या बाहुल्यांच्या घराची एक खिडकी मोजून घेतो. उरलेल्या कापडात होईल.

उमेदवार : आता विचारायला हरकत नाही ना? कुठली खिडकी?

पडदेवाले : आतल्या खोलीची. तिला उजेडात झोप लागत नाही.